लिनक्स मिंट बसवताना निम्मं काम विंडोजमध्येच

नवख्या माणसाच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) बसवून द्यायचं असलं की मी ते बसवायचा पेनड्राइव्ह शेवटी काढतो. आधी विंडोज चालू करून तिथेच तासभर जातो. इन्स्टॉलेशन फसतं ते बहुधा हा तास वाचवायला गेल्यामुळे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि धडधाकट जुने लॅपटॉप अडगळीत जाऊ लागले, म्हणून हे नीट लिहून ठेवतोय.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर त्यातल्या चार-दोन फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप धरत नाही.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा. अनेकांना ते चालू असल्याचा पत्ताच नसतो. बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूटसारखं (फक्त सही असलेलीच सिस्टिम चालू देणारं सेटिंग) काही बदललं की विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली, मागतं. ती सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर खातं उघडून दिलं असेल, तर की मालकाच्या हातात नसते आणि डेटा कुलूपबंद होतो. म्हणून मी आधी की वहीत उतरवून घेतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबतो.

पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी मिंटमधून सी ड्राइव्ह उघडला तर फाइली वाचता येतात, पण त्यात काही लिहिता येत नाही.

जागा डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करून काढा. आकडा एमबीमध्ये टाकायचा असतो: ६० जीबीसाठी ६१४४०. मिंट २० जीबीतही बसतं, पण महिनाभरात कोंडी होते. मोकळी झालेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ राहू द्या. बरेच जण तिथे हौसेने नवा ड्राइव्ह बनवतात आणि मग इन्स्टॉलरला मोकळी जागा सापडत नाही.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं. मिंटची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही. बालेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने लिहावी लागते. ४ जीबी रॅमला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन.

पेनड्राइव्हवरून बूट झाल्यावर लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. आधी वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. नेट मिळालं की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ बहुतेक वेळा लागणारा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) दाखवतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर ती बहुधा बिघडलेली नसते, बायॉसमधल्या आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या स्टोरेज सेटिंगच्या आड असते. स्टोरेज एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावं लागतं. मात्र थेट बदललं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगा, मग बायॉस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि सेफ मोडचं ते सेटिंग काढा.

सिक्युअर बूट चालू ठेवून मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पर्यायावर टिक केली, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि तो मोजके सेकंदच थांबतो. तिथे ‘एन्रोल एमओके’ (मालकाने मान्य केलेली सही नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की मिंट चालू होतं, पण बाहेरचे ड्रायव्हर लोड होत नाहीत, आणि कारण मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

दोन्ही सिस्टिम चालू झाल्या की हमखास फोन येतो: “विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे!” मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आपल्याकडचा फरक नेमका ५.३० तासांचा. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेने हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवलं की प्रश्न मिटतो.

मराठीसाठी कीबोर्डच्या लेआउट यादीत इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक (उच्चारानुसार टायपिंग) दोन्ही आहेत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली पत्रं मात्र लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. मजकूर शाबूत असतो, त्याचा फॉन्ट तिथे नसतो. अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित होईपर्यंत मी कुणालाही विंडोज काढू देत नाही.