गव्हाणीतला मावळा

मिरज, २४ डिसेंबर, रात्री साडेअकरा

पोरं एकदाची झोपली. ओट्यावर मैदा सांडलाय तो राहू दे सकाळपर्यंत, आधी हे लिहून काढते.

नात नऊ वर्षांची, नातू साडेपाचचा. परवा पुण्याहून आल्या आल्या नातवाने विचारलं, "आजी, बर्फ कुठाय?" म्हटलं, राजा, मिरजेत पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते, आपली थंडी तेवढीच. आणि बायबलातल्या शुभवर्तमानात येशू जन्मला त्या रात्री बर्फ पडल्याचं कुठे लिहिलेलं नाही, बाळाला ठेवलं ती गव्हाणी मात्र लिहिलीय. मग ती करायला बसलो.

ताटात मोहरी मी आधीच पेरून ठेवली होती, चांगली चार बोटं वर आलीय. दूधवाल्याने मूठभर कडबा आणून दिला. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या पोरांबरोबर किल्ला केला होता, त्यातली गवळण नातीने माळ्यावरच्या खोक्यातून काढली. म्हणाली, बाळाला दूध नको का? मला काय, शोभली! मेंढपाळांच्या ओळीत डोक्यावर घडा घेऊन उभी आहे.

घोळ झाला तो मागी लोकांचा, बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांचा. तिघांतला एक कागदातून काढतानाच मानेतून तुटला. नातीचं तोंड एवढंसं झालं. तिला मत्तयाचं शुभवर्तमान उघडून दाखवलं. मागी किती होते हे त्यात नाहीच. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी, म्हणून माणसंही तीन धरायची झालं. बाईसाहेबांनी तो अध्याय पुढेही वाचला, मोठ्याने, हेरोद राजाने बेथलेहेमातली तान्ही मुलं मारवली तिथपर्यंत. थांबवायला हवं होतं. धाकटा गप्प झाला.

संध्याकाळी केक. ओव्हन आहे घरात, सुनेने हौसेने घेतलेला, पण मी आपला कुकरच काढते. तळाला वाळू, वर जाळी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची. तासगावचा बेदाणा दोन दिवस संत्र्याच्या रसात भिजत होता, टम्म फुगला. बूड जरा लागलंच. मुलगा म्हणाला, खरपूस झालाय. आईला काय सांगायचं ते बरोबर कळतं त्याला. करंज्यांचं कातणं नातीकडे होतं, सारण संपवण्याचं काम धाकट्याकडे. शेजारच्या भाभींचा ईदचा शिरखुर्म्याचा डबा अजून आपल्याकडेच आहे, उद्या तो भरून द्यायचा.

नाताळची गाणी गात फिरणारे कॅरलवाले अजून यायचेत. हल्ली गिटार आणतात. आणोत बापडे, पण नारायण वामन टिळकांचं भजन ढोलकी-टाळावर लागल्याशिवाय मला काही नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. चहाचं आधण ठेवलंय.

आत्ता कंदिलाचं बटण दाबायला बाहेरच्या खोलीत गेले तर गव्हाणीच्या दाराशी काहीतरी नवीन दिसलं. वाकून पाहिलं. खोक्यातला ढाल-तलवारवाला मावळा, बाळाकडे पाठ आणि तोंड रस्त्याकडे. झोपायच्या आधी धाकटा गुपचूप उठून गेला होता, तो पाणी प्यायला गेला असेल असं मला वाटलं होतं.

मावळा तसाच ठेवलाय. ढोलकी ऐकू यायला लागली, दार उघडते.