जर्मन त्सॉयग्निस इंग्रजीत करून घेताना

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीसाठी, म्हणजे कुशल कामगारांना तिथे स्थायिक होता येतं त्या योजनेसाठी, अर्ज करायचं ठरलं आणि श्टुटगार्टजवळच्या माझ्या आधीच्या कंपनीचं आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे नोकरीचं प्रमाणपत्र, इंग्रजीत करून घेणं भाग पडलं. जर्मनीत नोकरी सोडताना असं लेखी प्रमाणपत्र मिळणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. गेवेर्बेऑर्डनुंग या व्यवसायविषयक कायद्याच्या 109व्या कलमात तो दिलाय. आपल्याकडच्या एक्स्पिरियन्स लेटरसारखं ते चार ओळींत आटोपत नाही. कामांची सविस्तर यादी, मग कामगिरी, वागणूक, शेवटी आभार आणि शुभेच्छा.

एका एजन्सीकडून पहिला मसुदा आला तो वाचून पोटात गोळा आला. माझं पद मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअरचं. जर्मनमध्ये त्याला ‘कोन्स्ट्रुक्ट्योर’ म्हणतात, म्हणून यांनी सरळ ‘कन्स्ट्रक्टर’ छापलं होतं! मी इमारती बांधत नव्हते, मशिनचे भाग डिझाइन करत होते. ‘आर्बाइट्सफोरबेराइटुंग’चं ‘वर्क प्रिपरेशन’ झालं होतं. हा विभाग कुठला भाग कोणत्या मशिनवर, कोणत्या क्रमाने बनेल ते ठरवतो. इंग्रजीत ते प्रोडक्शन प्लॅनिंग.

सगळ्यात घातक घोळ होता ‘फाखलिश’ या शब्दाचा. जर्मन कंपनीत वरिष्ठाचे अधिकार दोन प्रकारचे असतात. फाखलिश म्हणजे कामापुरतं मार्गदर्शन: कोणी काय करायचं सांगणं, ड्रॉइंग तपासणं. डिसिप्लिनारिश वरिष्ठ रजा मंजूर करतो, पगाराबद्दल बोलतो, वेळ आली तर लेखी ताकीद देतो. माझ्याकडे काही ज्युनिअर डिझायनरांचं फाखलिश मार्गदर्शन होतं, रजा-पगार बॉसकडे. मसुद्यात मात्र मी ‘मॅनेजर’ झाले होते. ऐकायला भारी वाटतं, पण कॅनडाच्या एनओसी या व्यवसायांच्या सरकारी यादीत मेकॅनिकल इंजिनिअरचा कोड 21301 आणि इंजिनिअरिंग मॅनेजरचा 20010. अर्जात एक आणि प्रमाणपत्रात दुसरं असं दिसलं, की शंका घ्यायला जागा झालीच.

मग मी न्यायालयाने शपथबद्ध केलेल्या अनुवादिकेकडे गेले. अशा लोकांची यादी जर्मन न्यायखात्याच्या वेबसाइटवर मिळते. बाईंनी आधी प्रत्येक कामापुढे ‘म्हणजे रोज नेमकं काय करायचात?’ हे एका ओळीत लिहून मागितलं. माझ्या मते खरा अनुवाद तिथेच झाला. ‘टेक्निकल गायडन्स, विदाउट पर्सोनेल रिस्पॉन्सिबिलिटी’ असे शब्द त्यांनी घातले तेव्हा जिवात जीव आला.

एका वाक्यावर मात्र त्या ठाम राहिल्या. ‘श्टेट्स त्सु उन्झेरर फोलन त्सुफ्रीडेनहाइट’, म्हणजे काम नेहमी पूर्ण समाधानकारक. जर्मन एचआर हे वाचून मनात ‘चांगलं’ हा दर्जा लावतो. ‘नेहमी’ गळलं तर दर्जा खाली येतो. इंग्रजीत ते कोरडं वाटतं, म्हणून ‘एक्सलंट’ लिहा असं मी सुचवलं. ‘शिक्का माझा आहे, मूळ कागदात नाही ते मी घालणार नाही,’ असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं.

त्सॉयग्निसमध्ये पगार आणि आठवड्याचे तास नव्हते. कॅनडाला दोन्ही लागतात. ते मी एचआरकडून वेगळ्या इंग्रजी पत्रावर घेतलं आणि दोन्ही कागद एकत्र जोडले. नोकरी सोडणार असाल तर हे पत्र निघण्याआधीच मागा, आणि बॉस बदलणार असेल तर त्याच्याकडून त्स्विशनत्सॉयग्निस, म्हणजे मधलं प्रमाणपत्र, लिहून घ्या. तुमचं काम जवळून पाहिलेला माणूसच कामांची यादी नीट लिहू शकतो.