फोनोची वही: सूर खरंच चढा होता का?

पावसाने जरा उघडीप दिली तशा फोंड्याच्या घरातल्या सगळ्या तबकड्या कपाटातून काढल्या. सात-आठांवर बुरशी आली होती. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, त्यांतली लाख विरघळते. मी गार पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले, लेबल कोरडं ठेवलं आणि मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवला.

तबकडीवरचं गाणं आणि सिनेमातलं गाणं यांत काय फरक आहे, ते मी या वहीत टिपतो. या खेपेला 'महल' (१९४९) मधलं 'आएगा आनेवाला' घेतलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूत तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात, त्यामुळे हे लांबलचक गाणं दोन बाजूंवर आहे. मध्येच सुई उचलायची, तबकडी उलटायची, पुन्हा सुई ठेवायची. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. ज्यांचं आडनावच आमच्या मंगेशीवरून आलं, त्या लतादीदींचं नाव नाही! मला हे अजून खुपतं.

दोन्ही बाजू ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत जोडून सिनेमाच्या प्रतीशेजारी ठेवल्या. सिनेमात सूर चढा, अर्ध्या स्वराला जरासा कमी. त्या काळी सिनेमासाठी एकदा आणि तबकडीसाठी वेगळं असं दोनदा ध्वनिमुद्रण होत असे, म्हणून असं वेगळं ध्वनिमुद्रण सापडलं, याच आनंदात मी दोन रात्री होतो. मग पेटी काढून याच सिनेमातली बाकीची गाणी तपासली. सगळी तेवढीच चढी! तबकडीवर तीन मिनिटं चालणारा भाग सिनेमात सात सेकंद आधी संपत होता.

कारण माझ्या प्रतीतच दडलेलं होतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, माझी व्हिडिओ प्रत २५ ने; वेग वाढला की सूरही चढतो. प्रतीचा वेग ९६ टक्क्यांवर आणला आणि सूर पेटीला येऊन मिळाला. वहीतल्या अकरा नोंदी पुन्हा तपासल्या, पाच खोडाव्या लागल्या.

'शोले'ची (१९७५) नोंद मात्र पक्की राहिली. 'चाँद सा कोई चेहरा' ही कव्वाली रेकॉर्डवर आहे, सिनेमात नाही. किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि गीतकार आनंद बक्षी स्वतः, चौघं एकत्र गातात. ती पडद्यावर बघायला मिळाली नाही याची हळहळ वाटते.

येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाड टोकाची सुई शोधणार आहे. ७८ ला एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीची) बारीक सुई लावली की ती खाचेच्या तळाशी खरखरत जाते. कुणाकडे जादा असेल तर कळवा.