यंत्रमागावरची कथा: तिसऱ्या खर्ड्याची नोंद

बेळगावातल्या वडगावच्या यंत्रमागावरची रात्रपाळीची कथा २,४०० शब्दांवर आली आहे. दुसरा खर्डा ३,९०० चा होता. काट बसली ती बहुतेक पहिल्या दोन पानांना: गल्लीचं वर्णन, मालकाची वंशावळ, पावसाळी हवा. आता पहिल्याच वाक्यात धोटा (आडवा धागा नेणारा) अडकतो आणि माग बंद पडतो. वडगाव-शहापूर न पाहिलेला वाचकही माग का थांबला हे कळेपर्यंत कथा सोडत नाही. गल्ली त्याला मागाहून दाखवता येते.

सगळ्यात जास्त वेळ संवादांनी खाल्ला. निवेदन तृतीयपुरुषी, म्हणून प्रमाण मराठीत. बोली फक्त पात्रांच्या तोंडी. (निवेदक स्वतःच विणकर असता तर ही वाटणी टिकली नसती.) एका कागदावर बोलीचा तक्ता केला आहे: ‘करूलास’ (करतोयस) मधला ‘रू’ दीर्घच, ‘कुठं’, ‘तिकडं’ अनुस्वारानेच. तक्ता नसला की एकच पात्र तिसऱ्या पानावर ‘कुठं’ आणि सातव्यावर ‘कुठे’ म्हणतं. संपादकाला ती चूक वाटते आणि तो सगळंच प्रमाण करून टाकतो. निपाणीहून आलेल्या जॉबरची (माग जुळवणाऱ्या कारागिराची) बोली कोल्हापूरकडे झुकलेली हवी. त्याच्या तोंडी बेळगावी क्रियापदं घातली तर इथला वाचक लगेच पकडतो. मालक कन्नडमध्ये ‘लगू बा’ म्हणतो आणि पोरगं सुताच्या कांड्या टाकून धावतं. तिथे तळटीप नको, धावणं पुरे.

टंकलेखनातला सापळा ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांत आहे. साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून ते टंकले, तर मजकूर इकडून तिकडे नेताना जोडचिन्ह गळतं आणि ‘दुसर्या’ उरतं. खाली टिंब असलेलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं की हा घोळ टळतो. काही छापखाने अजून जुन्या फॉन्टवर जुळवणी करतात, त्यामुळे युनिकोड फाइलसोबत पीडीएफही द्यावी. अक्षर कुठे बिघडलं ते ताडून पाहता येतं.

दिवाळी अंकासाठी कथा जूनअखेरपर्यंत गेलेली बरी. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं: शब्दसंख्या, कथा अप्रकाशित असल्याचा उल्लेख आणि ‘संवादांतली बोली तशीच ठेवावी’ ही विनंती. कथेचा सारांश लिहू नये. हक्कांचा कागद पुढे आला तर मुदत आणि प्रदेश वाचूनच सही करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतल्या कथाकथनासाठी मात्र वेगळी प्रत लागेल. मिनिटाला १२० शब्द धरले तर ही कथा वीस मिनिटं खाते. १,५०० शब्द पुरेत. अवतरणचिन्हं कानाला ऐकू येत नाहीत, म्हणून छापील प्रतीतून काढलेले ‘जॉबर म्हणाला’, ‘मालक ओरडला’ या प्रतीत परत घालायचे आहेत. शेवटचं पान अजून हलतं आहे: माग सुरू झाल्यावरचे दोन परिच्छेद बहुधा जातील.