निळा पडदा, दहा सेकंद

माझ्याकडे दुरुस्तीला येणारी यंत्रं बहुतेक विंडोजची. त्या दिवशी एक मुलगा उबुंटूवाला (म्हणजे लिनक्सचा) डेस्कटॉप घेऊन आला. "दादा, गेम चालतो, पण एकामागून एक फोटो बघितल्यासारखा."

खरंच तसं होतं. सेकंदाला जेमतेम तीन-चार फ्रेम, आणि पंखा मात्र जीव तोडून फिरतोय. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं, चांगल्यापैकी. जीएलएक्सइन्फो ही आज्ञा चालवून चित्रं कोण काढतंय ते, म्हणजे रेंडररचं नाव, पाहिलं, तर तिथे एलएलव्हीएमपाइप. म्हणजे कार्ड स्वस्थ बसलेलं आणि चित्रं काढायची सगळी हमाली प्रोसेसरच्या गळ्यात. "मी ड्रायव्हर टाकलाय की!" मुलगा म्हणाला. टाकला होता हे खरं, पण कार्डाची माहिती देणारं एनव्हिडिया-एसएमआय म्हणत होतं की ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही.

पुढचे दोन तास मी वाया घालवले. कर्नल हेडर्स (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हेडर्स म्हणजे त्याच्यासाठी ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आहेत का? आहेत. डीकेएमएसने, म्हणजे ते बांधकाम करणाऱ्या प्रोग्रॅमने, ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलंय का? बांधलंय. जुन्या कर्नलवर बूट करून पाहिलं, कार्ड काढून पुन्हा बसवलं. जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते सगळ्यात शेवटी केलं: मॉडप्रोब या आज्ञेने मॉड्यूल हातानेच कर्नलमध्ये चढवून बघितलं. एका ओळीत उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे किल्ली नाकारली.

सिक्युअर बूट! यंत्र सुरू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी ही सोय; ती चालू असली की कर्नल ओळखीची डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. डीकेएमएस सही करतो, पण ज्या किल्लीने करतो ती यंत्राच्या ओळखीची हवी. त्यात ड्रायव्हरच्या पॅकेजने नूवो हा एनव्हिडिया कार्डांचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर आधीच ब्लॅकलिस्ट, म्हणजे बंद, केलेला, म्हणून हाही नाही आणि तोही नाही.

"ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारला होता का?"

"हो. मग रीस्टार्टला निळा पडदा आला. काही कळेना, म्हणून कन्टिन्यू बूटवर एन्टर मारला."

इथेच गाडी अडली होती. तो पडदा मॉक मॅनेजरचा (मॉक म्हणजे मशीन ओनर की, यंत्राच्या मालकाची किल्ली). किल्ली नोंदवायची जागा तीच; कन्टिन्यू बूट दाबलं की नोंद न होताच यंत्र पुढे जातं, आणि दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही तर तो निघून जातो.

सिक्युअर बूट सरळ बंद करा, असा सल्ला पुष्कळजण देतात. मी दिला नाही. त्याच डिस्कवर विंडोज होतं, बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) बंद केलेलं, आणि रिकव्हरी की कुठे ठेवलीय हे मुलाला ठाऊक नव्हतं. सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकर बहुधा तीच मागतो.

म्हणून मॉकयुटिल या आज्ञेने किल्ली पुन्हा इम्पोर्ट केली, एकदाच लागणारा पासवर्ड ठेवला, रीबूट दिला. तेवढ्यात फोन वाजला. मी बोलत मागे वळलो, आणि वळून परत बघतो तर लॉगिनचा पडदा! मुलगा काही बोलला नाही, पण हसू त्याला आवरत नव्हतं.

दुसऱ्यांदा फोन खिशात ठेवला. एनरोल मॉक, कन्टिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. या वेळी एनव्हिडिया-एसएमआयने कार्डाचं नाव, तापमान, मेमरी सगळं दाखवलं. गेमही लोण्यासारखा. एक जुना गेम तेवढा उघडेना, तो 32 बिटचा निघाला. त्याच्या लायब्ररी टाकल्या, झालं.

जाताना मुलाने विचारलं, "तो निळा पडदा परत आला तर?"

"आला तर आधी मला फोन कर," म्हटलं, "आणि मी उचलला नाही तर एनरोल दाब."