एमआरएसए, मेथिलीन ब्लू आणि लाल एलईडी: प्रयोगशाळेतला माझा अनुभव

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू. त्याला मेथिलीन ब्लू हा निळा रंग देऊन लाल एलईडीच्या प्रकाशात मारायचं, असा हा प्रयोग. पहिली अडचण रंगाच्या बाटलीपाशीच येते. मेथिलीन ब्लूच्या पावडरीत पाणी किती मुरलंय हे बाटलीगणिक बदलतं. ट्रायहायड्रेट धरून 37.4 मिलिग्रॅम पावडर 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवली, तरी द्रावण नेमकं 1 मिलिमोलर (मोलर हे तीव्रतेचं एकक) होईल याची खात्री नसते. म्हणून मी वजनावर विसंबत नाही. हे मूळ दाट द्रावण, म्हणजे स्टॉक, शंभरपट पातळ करून 664 नॅनोमीटरला शोषण पाहतो. 10 मायक्रोमोलरला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) साधारण 0.7 ते 0.8 यायला हवं. फिल्टर केल्यावर पुन्हा पाहायचं, कारण हा धनभारित रंग काही फिल्टरांना आणि प्लॅस्टिकला चिकटून बसतो.

एमआरएसएवर मेथिसिलिन चालत नाही, कारण mecA जनुकामुळे जंतू वेगळं पेनिसिलिन-बंधक प्रथिन बनवतो आणि औषधाची त्यावर पकड बसत नाही. इथे ती पकड लागतच नाही. लाल प्रकाश शोषलेला रंग ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप, तयार होतो. पाण्यात तो जेमतेम 3-4 मायक्रोसेकंद टिकतो. म्हणून जिथे जन्मतो तिथेच पटल, प्रथिनं, डीएनए, जे सापडेल ते जाळतो. रंग जंतूला चिकटलेला किंवा अगदी लगत असणं म्हणूनच निर्णायक.

आम्ही एटीसीसी 43300 हा एमआरएसएचा प्रमाणित वाण (स्ट्रेन) ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, रात्रभर 37 अंशांवर वाढवतो, सेंट्रिफ्यूज करून पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या खारट द्रावणाने) दोनदा धुतो. धुण्यात कंटाळा करू नये. ब्रॉथमधली प्रथिनं रंगालाही बांधतात आणि सिंगलेट ऑक्सिजनही खातात. मग डोस वाढवत बसायची वेळ येते. मॅकफार्लंड हे गढूळपणाचं माप. 0.5 मॅकफार्लंड म्हणजे मिलिलिटरला सुमारे 1.5×10⁸ सीएफयू (वसाहत उगवू शकणारे जंतू), तिथून पातळ करून 10⁷ वर आणायचं. 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये 100 मायक्रोलिटर जंतू आणि 100 मायक्रोलिटर 20 मायक्रोमोलर रंग घातला की रंग 10 मायक्रोमोलर होतो आणि जंतू 5×10⁶. मग फॉइलखाली दहा मिनिटं.

आता दिवा. 660 नॅनोमीटरचा एलईडी, वेलच्या पातळीवर 50 मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला 30 ज्यूल हवे असतील तर 600 सेकंद. हिशेब सोपा, पण 'वेलच्या पातळीवर' हे शब्द महत्त्वाचे. मीटर दिव्याजवळ धरून घेतलेला आकडा काही कामाचा नाही. सेन्सर प्लेटच्याच उंचीवर ठेवून मधोमध आणि चारही कोपऱ्यांत मोजावं. कोपऱ्यांत प्रकाश बराच कमी भरतो, ते वेल सोडून द्यावेत. झाकण ठेवणार असाल तर झाकणाखाली मोजा. त्यावर बाष्प धरलं की आकडा आणखी घसरतो. एलईडी आधी दहा मिनिटं चालू ठेवून स्थिर होऊ द्यावा. पंखा लावावा आणि एका वेलमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडावं, नाहीतर मारलं ते उष्णतेने की प्रकाशाने, हे सांगता येत नाही.

रंग वाढवला की परिणाम वाढेल असं वाटतं. 200 मायक्रोलिटरचा थर साधारण 0.6 सेंटिमीटर उंच असतो. 10 मायक्रोमोलरलाच तळापर्यंत दिव्याचा लाल प्रकाश जेमतेम एक तृतीयांश पोहोचतो. 100 मायक्रोमोलरला वरचा थर सगळा प्रकाश गिळतो, आणि तोवर जंतू तळाला बसलेले असतात. शिवाय दाट द्रावणात रंगाचे रेणू जोडीने चिकटतात आणि शोषण 610 नॅनोमीटरकडे सरकतं, म्हणजे आपल्या दिव्यापासून दूर.

चार गट हवेतच: काहीच नाही, फक्त रंग, फक्त प्रकाश, दोन्ही. अंधाराचे गट वेगळ्या प्लेटमध्ये ठेवावेत. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलमधून प्रकाश झिरपतो. म्युनिकमध्ये ऑस्कर राबचे अ‍ॅक्रिडिन हा रंग आणि पॅरामेशियम हा एकपेशीय जीव यांचे प्रयोग 1900 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कोड्यात टाकणारी गोष्ट हीच होती: डोस तोच, पण खोलीतला उजेड बदलला की निकाल बदलत होता. आजही माझ्या अनुभवात 'रंग अंधारातही मारतो' या निष्कर्षामागे बहुतेकदा हूडमधली (जंतू हाताळायच्या कपाटातली) ट्यूबलाइट निघते.

मोजणीत दोन फसगती आहेत. दहा-दहापट डायल्यूशन (पातळ) करत 10 मायक्रोलिटरचे थेंब अगार या पोषक थरावर टाकले, तर पातळ न केलेल्या थेंबातली एक वसाहत म्हणजे मिलिलिटरला 100 सीएफयू. सुरुवात 5×10⁶ असेल तर 4.7 लॉगपेक्षा (एक लॉग म्हणजे दहापट) जास्त घट दिसूच शकत नाही. कोरी प्लेट म्हणजे शून्य जंतू नव्हे. दुसरी फसगत, थेंबातला उरलेला रंग. प्लेट टेबलावर उजेडात राहिली तर मारणं चालूच राहतं. डायल्यूशन मंद उजेडात करून प्लेटी थेट इन्क्युबेटरमध्ये. खात्रीसाठी, प्रकाश दिलेल्या द्रावणात न हाताळलेले जंतू ठरावीक संख्येने मिसळून पेरावेत. तेवढेच उगवले तर मोजणी खरी.

हाच डोस स्युडोमोनास या दुसऱ्या जंतूला दिला की घट खूप कमी दिसते. त्याचं जास्तीचं बाहेरचं पटल रंगाला अडवतं. प्रकाशाआधी जंतू धुतले तर उरलासुरला परिणामही बराच जातो. 10 मिलिमोलर पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर मारकता जोरदार वाढते, पण त्यात आयोडीन तयार होतं आणि दिवा बंद झाल्यावरही काम करत राहतं. म्हणून नमुना घेताक्षणी आयोडीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट घालायचं, आणि आयोडाइडचा अंधारातला कंट्रोल (तुलनेचा गट) वेगळा ठेवायचा.

जखमेचा विचार असेल तर पीबीएसमधल्या आकड्यांवर थांबू नका. 10 टक्के सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) घालून हाच प्रयोग पुन्हा करा. घट किती लॉगने कमी झाली ते दोन्ही आकडे शेजारी ठेवून लिहा.