वाफेच्या इंजिनासाठी गेलो, वाफ दिसलीच नाही

सगळ्यात आधी हे सांगतो: 'सफरी'चं तिकीट काढू नका. मुंबईतल्या या रेल्वे वारसा महोत्सवाच्या जाहिरातीत 'वाफेच्या इंजिनाची सफर' असं ठळक छापलं होतं. रविवारी मेगाब्लॉकमध्ये ठाण्याहून उभ्याने आलो, ४०० रुपये मोजले, दीड तास उन्हात रांग लावली. आणि समोर आली ती बॅटरीवर चालणारी गाडी, वरून इंजिनाच्या आकाराचा पत्रा. चिमणीतून नाटकातला धूर, शिट्टी स्पीकरवरची. तीन मिनिटांत खेळ खलास. लहान मुलं खूश होती, त्यांचं ठीक आहे. पण बॉयलर नाही, आग नाही, तर वाफेचं इंजिन म्हणायचं कशाला? पैसे परत मागितले, तर जाहिरातीतली तळाची बारीक ओळ दाखवली. ही सरळ फसवणूक आहे.

पाण्याची बाटली आत ४० रुपये. घरूनच भरून न्या.

देशातली पहिली प्रवासी गाडी, तिची इंजिनं साहिब, सिंध, सुलतान, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे: फलकांवर एवढंच. आपल्याला ते पाठ आहे, थांबू नका.

थेट मागच्या कोपऱ्यात जा. तिथे खरं इंजिन उभं आहे. थंडगार, पण खरं, आणि रांग नाही. शेजारी खुर्चीवर एक निवृत्त ड्रायव्हरकाका होते. "वर या," म्हणाले. रेग्युलेटरचा, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडायचा दांडा हाताला लागला. सगळीकडे ताज्या रंगाचे थर, फक्त मूठ बसते तिथे लोखंड गुळगुळीत. काकांनी पाण्याची काच दाखवली, बॉयलरमधलं पाणी किती आहे ते त्यात दिसतं. "घाट चढताना पाणी मागे येतं, काच भरलेली दिसते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं. तेव्हा फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं छत उघडं पडलं, तर त्यातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ थेट आगीवर येते. म्हणून माथ्यावर पोचायच्या आधीच पाणी भरून घ्यायचं." बोलताना त्यांचा डावा हात आपोआप बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या इंजेक्टरच्या चाकाकडे जात होता. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

शनिवारी जा, रविवारी नको. बूट बंद घाला, मागची वाट खडीची आहे. परतताना भायखळ्याला उतरा, स्टेशनची १८९१ची इमारत फुकटात बघायला मिळते. काका एकला जेवायला जातात, त्याआधी गाठा.